मेगाब्लॉकच्या रविवारी लोकलने कसे जायचे? मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

माझा मावसभाऊ स्पर्धा परीक्षेसाठी साताऱ्याहून माझ्याकडे नाहूरला आला होता. परीक्षा रविवारी दुपारी दोन वाजता, केंद्र दादरला. शनिवारी रात्री मी त्याला म्हणालो, "उद्या मेगाब्लॉक आहे रे, जरा लवकर निघ." मेगाब्लॉक म्हणजे दुरुस्तीच्या कामासाठी रविवारी काही तास काही रूळ बंद ठेवणे. भाऊ खरोखरच लवकर निघाला. साडेअकराला नाहूरच्या फलाटावर उभा होता. गाड्या येत होत्या, पण पलीकडच्या रुळांवरून, न थांबता. घोषणाही होत होती की माटुंगा ते मुलुंडदरम्यान अप आणि डाउन धीम्या मार्गावर मेगाब्लॉक आहे. त्याला त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता, पण आपण नेमके काय करायचे हे त्यातून कळत नव्हते. पाऊण तासाने त्याचा फोन आला. मग रिक्षाने मुलुंड, तिथे पहिल्या गाडीत शिरताच आले नाही, दुसरीत कसाबसा चढला. केंद्रावर पोहोचला तेव्हा दार बंद झाले होते.

"लवकर निघ" हा सल्ला उपयोगाचा नव्हता. "नाहूरला गाडी थांबणार नाही, सरळ रिक्षाने मुलुंडला जा" हे मी सांगायला हवे होते. त्या दिवसापासून गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे नीट बसवून समजावतो. तेच इथे लिहितो आहे.

आधी चार शब्द पक्के करा

अप, डाउन, जलद, धीमा. रेल्वेची प्रत्येक सूचना या चार शब्दांवर उभी असते.

सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) किंवा चर्चगेटकडे जाणारी दिशा म्हणजे अप. तिथून दूर, म्हणजे ठाणे, कल्याण, पनवेल, बोरिवली, विरारकडे जाणारी दिशा म्हणजे डाउन. चढ-उताराशी याचा काही संबंध नाही. तुम्ही डोंबिवलीहून दादरला निघालात तर तुम्ही अप गाडीचे प्रवासी, संध्याकाळी परतताना डाउनचे. बरेच नवखे "आमच्या भागात ब्लॉक आहे" एवढेच वाचून प्रवास रद्द करतात आणि ब्लॉक फक्त उलट्या दिशेला असतो.

जलद आणि धीमा हे शब्द आपण गाडीसाठी वापरतो, फास्ट लोकल आणि स्लो लोकल. रेल्वे मात्र ते रुळांसाठी वापरते. जलद मार्ग ही रुळांची एक जोडी (एक अप, एक डाउन), धीमा मार्ग ही तशीच दुसरी जोडी, आणि त्यांचे फलाट वेगळे. सूचनेत "जलद मार्गावर ब्लॉक" असे असेल तर फास्ट गाड्या रद्द झाल्या असा अर्थ नसतो. ते रूळ बंद आहेत, गाड्या दुसऱ्या रुळांवरून येतील, एवढेच त्यात सांगितलेले असते. ही एक गोष्ट नीट समजली तर निम्मा गोंधळ संपतो.

चार रूळ की दोन, हे बघा

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आणि कुठल्याच सूचनेत न लिहिलेला मुद्दा हा आहे.

मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत जलद आणि धीमे असे चार मार्ग आहेत. त्यातही कुर्ला ते ठाणे आणि पुढे कल्याणपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका आहे. पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते विरार किमान चार मार्ग आहेत. त्यामुळे इथे दोन मार्ग बंद केले तरी गाड्या उरलेल्या दोनवर वळवता येतात. गर्दी होते, पंधरा-वीस मिनिटे उशीर होतो, काही स्थानके सुटतात, पण गाडी मिळते.

सीएसएमटीहून वडाळा, कुर्ला, वाशीमार्गे पनवेलला जाणाऱ्या हार्बर लाइनला दोनच मार्ग आहेत, एक जाणारा आणि एक येणारा. ठाणे–वाशी–नेरुळ ही ट्रान्स-हार्बर लाइनही तशीच. तिथे दोन्ही दिशांना ब्लॉक घेतला की वळवायला जागाच राहत नाही, त्या टप्प्यातली लोकल पूर्ण बंद होते. म्हणून मेन लाइनचा ब्लॉक म्हणजे उशीर आणि हार्बरचा ब्लॉक म्हणजे बंद, असे ढोबळ गणित मनात ठेवा. कल्याणच्या पुढे कसारा किंवा कर्जतकडे, आणि विरारच्या पुढे डहाणूकडे जाणाऱ्यांनीही ब्लॉकची बातमी हलक्यात घेऊ नये. तिथे वळवायला रूळ कमी आणि रस्त्याने जायचे म्हटले तरी लांब.

सूचना कुठे मिळते आणि ती कशी वाचायची

मध्य रेल्वे बहुतेक रविवारी मेगाब्लॉक घेते. पश्चिम रेल्वे त्यालाच जम्बोब्लॉक म्हणते. दोन्ही रेल्वे आदल्या एक-दोन दिवसांत तपशील जाहीर करतात. तो त्यांच्या एक्स खात्यांवर येतो, शनिवार-रविवारच्या मराठी वृत्तपत्रांत चौकटीत छापला जातो आणि स्थानकावर सांगितला जातो. एम-इंडिकेटर हे मुंबईकरांच्या रोजच्या वापरातले ॲप, त्यातही ब्लॉकची माहिती मिळते. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर मात्र तारीख पाहिल्याशिवाय खरा मानू नका, मागच्या आठवड्याची सूचना पुढच्या आठवड्यात हमखास फिरत असते.

वृत्तपत्रांत ती बहुधा तीन शीर्षकांत येते: कुठे, कधी, परिणाम. नमुन्यादाखल असे समजा:

कुठे: माटुंगा ते मुलुंड, अप आणि डाउन जलद मार्ग.
कधी: सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५.
परिणाम: डाउन जलद लोकल माटुंगा ते मुलुंडदरम्यान डाउन धीम्या मार्गावर वळवल्या जातील. गाड्या साधारण १५ मिनिटे उशिराने पोहोचतील.

आता हे वाचायचे कसे?

"कुठे" वाचताना तुमचे स्थानक त्या टप्प्यात आहे का, एवढेच बघून थांबू नका. तुमचा प्रवास तो टप्पा ओलांडतो का, ते बघा. अंबरनाथहून भायखळ्याला जाणाऱ्याचे घरही टप्प्याबाहेर आणि कामाचे ठिकाणही टप्प्याबाहेर. पण त्याची गाडी मुलुंड ते माटुंगा याच पट्ट्यातून जाते, त्यामुळे उशीर त्यालाही आहेच.

"कधी" वाचताना हे लक्षात घ्या की ती वेळ रूळ बंद होण्याची आहे, तुमच्या गाडीची नाही. ब्लॉक अकरानंतर सुरू होत असला तरी सीएसएमटीहून पावणेअकराला सुटणारी फास्ट गाडीही धीम्या मार्गावर जाऊ शकते, कारण माटुंग्याच्या पुढचा टप्पा ती ब्लॉकच्या वेळेतच ओलांडणार असते. म्हणून सविस्तर सूचनेत "अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत सुटणाऱ्या गाड्या" असे वेगळे वाक्य असते. वृत्तपत्राच्या छोट्या चौकटीत ते कधी कधी गळते. तपशील हातात नसेल तर ब्लॉकच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास आपल्या बाजूने धरून चला.

"परिणाम" या भागात "वळवल्या जातील" हा शब्द दिसला की लगेच पुढे "थांबतील" आणि "थांबणार नाहीत" हे शब्द शोधा. माझ्या भावाचा दिवस याच दोन शब्दांत अडकला होता.

गाडी कुठे थांबणार नाही

जलद मार्ग बंद असताना फास्ट गाड्या धीम्या मार्गावर येतात. धीम्या मार्गाला प्रत्येक स्थानकावर फलाट आहे, त्यामुळे इथे स्थानक सुटण्याचा प्रश्न नसतो. उलट काही वेळा गाडी जास्तीच्या स्थानकांवर थांबते. त्रास फक्त वेळेचा आणि गर्दीचा.

धीमा मार्ग बंद असताना गोष्ट उलटी होते. स्लो गाड्या जलद मार्गावर जातात आणि जिथे जलद मार्गाला फलाट नाही तिथे त्या थांबूच शकत नाहीत. माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गाचा ब्लॉक असेल तर गाड्या साधारणपणे शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडला थांबतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर सुटतात. सीएसएमटी ते विद्याविहार धीम्या मार्गाचा ब्लॉक असेल तर मस्जिद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी आणि करी रोड सुटतात, भायखळा, परळ, दादर, माटुंगा, शीव, कुर्ला मिळतात. पश्चिम रेल्वेवर महालक्ष्मी, प्रभादेवी, माटुंगा रोड आणि राम मंदिर ही स्थानके अशा दिवशी सुटू शकतात.

तुमचे घर, वसतिगृह किंवा नातेवाइकांचे घर यांपैकी एखाद्या स्थानकाजवळ असेल तर आजच आपली पर्यायी जागा ठरवून ठेवा. नाहूरवाल्यांना मुलुंड किंवा भांडुप, कांजूरमार्गवाल्यांना विक्रोळी किंवा भांडुप, विद्याविहारवाल्यांना घाटकोपर किंवा कुर्ला, करी रोडवाल्यांना परळ, चिंचपोकळीवाल्यांना भायखळा, प्रभादेवीवाल्यांना दादर. उपनगरांत हे अंतर रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांचे आहे. पण दक्षिणेकडे शीव आणि वांद्र्याच्या पुढे रिक्षाच चालत नाहीत, हे बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते. चिंचपोकळी किंवा महालक्ष्मीला उतरणाऱ्यांना बेस्टची बस, टॅक्सी किंवा पायी चालणे असेच पर्याय आहेत.

ब्लॉक एकाच दिशेला असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. समजा फक्त डाउन धीमा मार्ग बंद आहे आणि तुम्हाला दादरहून विद्याविहारला जायचे आहे. मग वळवलेल्या गाडीने घाटकोपरला उतरा, पूल ओलांडून अप धीम्या फलाटावर या आणि एक स्थानक मागे या. उलट्या दिशेने प्रवासाची मुभा असेल तर ती सूचनेत लिहिलेली असते, ते वाक्य बघून घ्या.

हार्बरवाल्यांनो, तुमच्यासाठी जरा सविस्तर

हार्बरच्या ब्लॉकचे नेहमीचे प्रकार दोन-तीनच आहेत, त्यामुळे ते पाठ करून ठेवण्यासारखे आहेत.

एक, कुर्ला ते वाशी. चेंबूर, गोवंडी, मानखुर्दचा पट्टा बंद. सीएसएमटी ते कुर्ला आणि वाशी ते पनवेल अशा विशेष गाड्या चालवल्या जातात, मधला तुकडा मात्र तुटतो. दोन, सीएसएमटी ते चुनाभट्टी आणि वांद्रे. यात मुंबईकडचा भाग बंद असतो आणि पनवेल ते कुर्ला अशा विशेष गाड्या चालतात, त्या बहुधा कुर्ल्याच्या ८ क्रमांकाच्या फलाटावर येतात. तीन, पनवेल ते वाशी. नवी मुंबईतला भाग बंद, वाशीपर्यंत गाडी मिळते.

अशा दिवशी रेल्वे हार्बरच्या प्रवाशांना त्याच तिकिटावर किंवा पासवर मेन लाइनने आणि पश्चिम रेल्वेने, किंवा ठाणेमार्गे ट्रान्स-हार्बरने जायची परवानगी देते. वेळ बहुधा सकाळी १० ते संध्याकाळी ६ अशी असते. कोणत्या मार्गाची परवानगी आहे आणि किती वाजेपर्यंत, हे त्या आठवड्याच्या सूचनेत तपासा आणि सूचनेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तिकीट तपासनिसाने विचारलेच तर बोलणे सोपे जाते.

प्रत्यक्षात याचा उपयोग असा. नेरुळहून दादरला जायचे आहे आणि कुर्ला–वाशी बंद आहे. तर नेरुळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथे फलाट बदलून मेन लाइनने दादर. नकाशावर हा वळसा मोठा दिसतो, पण वाशीच्या खाडीपुलावर बसमध्ये अडकण्यापेक्षा मला तो केव्हाही बरा वाटतो. मात्र एक खात्री आधी करा. त्याच दिवशी ठाणे–वाशी–नेरुळ मार्गावरही ब्लॉक नाही ना? आणि मेन लाइनवर कोणता मार्ग बंद आहे? एकाच रविवारी मेन आणि हार्बर दोन्हीकडे काम असणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे फक्त आपल्या लाइनची चौकट वाचून भागत नाही.

चेंबूर, गोवंडी, मानखुर्दला राहणाऱ्यांना तर ठाण्याचा वळसाही उपयोगी नाही. त्यांनी बसने किंवा रिक्षाने कुर्ला किंवा घाटकोपर गाठावे आणि तिथून मेन लाइन धरावी.

मेट्रोचा विचार करा

मुंबईत आता लोकलला पर्याय नाही असे राहिलेले नाही. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही 'मेट्रो १' मार्गिका जून २०१४ पासून धावते आहे आणि पश्चिम व मध्य रेल्वेला मधोमध जोडते. आरे ते कफ परेड ही भुयारी 'मेट्रो ३' मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर सुरू आहे. सीएसएमटी, चर्चगेट, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल तिच्यावर आहेत. मरोळ नाक्याला ती मेट्रो १ ला मिळते. म्हणजे घाटकोपरहून दक्षिण मुंबईला लोकलशिवायही जाता येते. मेट्रोचे तिकीट वेगळे काढावे लागते, रेल्वेचा पास तिथे चालत नाही. पण मुलाखत, परीक्षा किंवा रुग्णालयातली वेळ असेल तर ते पैसे खर्च करा.

निघण्याआधी

शनिवारी रात्री दोन मिनिटे काढून कुठे, कधी, परिणाम वाचा. मग घड्याळाकडे बघा. मेगाब्लॉक साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार असतो. तुमचे काम दुपारी दोनला असेल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सकाळी साडेनऊ-दहालाच निघणे आणि पोहोचून तिथे थांबणे. आठवडी ब्लॉक टाळण्याची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही. हे शक्य नसेल तर पर्यायी मार्ग ठरवा आणि नेहमीच्या वेळेत किमान तासभर जास्तीचा धरा. ब्लॉक नसला तरी रविवारी लोकल फेऱ्या इतर दिवसांपेक्षा कमी असतात, हेही त्यात आहेच.

तिकिटाबद्दल एक छोटी गोष्ट. उपनगरी प्रवासाचे साधे तिकीट काढल्यापासून एका तासात प्रवास सुरू करायचा असतो. एरवी याचा विचार करावा लागत नाही. ब्लॉकच्या दिवशी मात्र आधी इंडिकेटरवर, म्हणजे स्थानकातल्या गाड्यांच्या फलकावर, गाडी बघा, घोषणा ऐका, मग तिकीट काढा. नाहीतर आपल्या स्थानकावर गाडीच नाही हे तिकीट हातात आल्यावर कळते.

मोठ्या परीक्षा किंवा गणेशोत्सवासारखे सण यांमुळे रेल्वे काही वेळा ब्लॉक रद्दही करते. म्हणून रविवारी सकाळी निघताना एकदा पुन्हा बघून घ्या.

फलाटावर

नेहमीच्या सवयीने नेहमीच्या फलाटावर जाऊन उभे राहू नका. फास्ट गाडी आज स्लोच्या फलाटावर येणार असेल तर पुलावरूनच वळायचे आहे, आणि चुकीच्या फलाटावर उतरून पुन्हा चढण्यात एक गाडी हातची जाते. इंडिकेटरवर गाडीचे नाव, वेळ, जलद की धीमी आणि डबे किती ते दिसते. जोडीला घोषणा ऐका, कारण अशा दिवशी फलाट आयत्या वेळी बदलतो.

गर्दीबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन मार्गांवरच्या गाड्या एका मार्गावर आल्या की दोन गाड्यांची माणसे एका गाडीत येतात. लहान मूल, वयस्कर आई-वडील किंवा जड सामान बरोबर असेल तर दारात माणसे लोंबकळत असलेल्या गाडीत घुसू नका. पुढच्या गाडीची वाट बघा. तीही भरलेली असेल, पण वळवलेल्या गाड्या अनेकदा एकामागोमाग एक येतात आणि मागची थोडी मोकळी असते.

बाहेरगावची गाडी पकडायची असेल तर

एक्स्प्रेस गाड्याही वळवल्या जातात, बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या मार्गिकेवर, आणि मुंबईत दहा-पंधरा मिनिटे उशिरा पोहोचतात. सुटणारी गाडी मात्र उशिरा सुटेल असे गृहीत धरू नका. लोकमान्य टिळक टर्मिनसला जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्याच्या जवळची स्थानके दोन, हार्बरवरचे टिळक नगर आणि मेन लाइनवरचे कुर्ला. कुर्ला–वाशी ब्लॉकच्या दिवशी टिळक नगरची आशा सोडा आणि कुर्ल्याला उतरा. मोठ्या ब्लॉकच्या वेळी काही एक्स्प्रेस दादर किंवा पनवेललाच संपवतात आणि तिथूनच सोडतात. तिकिटावर सीएसएमटी लिहिलेले असले तरी १३९ या क्रमांकावर विचारून घ्या.

रुळांवर त्या वेळी काय चाललेले असते

हा भाग वाचला नाही तरी प्रवास होईल. पण "चार वाजता ब्लॉक संपला, तरी गाड्या उशिरा का?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे, आणि मला ते प्रत्येकाला ठाऊक असावे असे वाटते.

मुंबईची लोकल पहाटे चारच्या सुमारास सुरू होते ती मध्यरात्रीनंतर एकपर्यंत चालते. मधल्या तीनेक तासांत मोठे काम उरकत नाही. म्हणून रविवारी दुपारी, उजेडात, पाच तास मागून घेतले जातात. पण ते पाच तास पूर्ण कामाला मिळत नाहीत. आधी शेवटची गाडी टप्प्याबाहेर जाते, मग वाहतूक थांबवल्याची खातरजमा होते, मग ओव्हरहेड वायरमधला २५,००० व्होल्टचा वीजपुरवठा तोडला जातो आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीशी जोडल्या जातात, म्हणजे चुकून वीज आलीच तरी माणसांना धक्का बसू नये. त्यानंतरच कामगार आणि यंत्रे आत जातात. काम संपल्यावर हीच उतरंड उलट्या क्रमाने. एकही अवजार रुळावर राहिले नाही हे बघूनच रूळ परत दिले जातात.

काम कशाचे? रुळाखालची खडी गाड्यांच्या भाराने बसते आणि सरकते. टॅम्पिंग यंत्र पोलादी दांडे खडीत खुपसून, त्यांना थरथरवत, ती स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या ठोकळ्यांखाली) पुन्हा घट्ट दाबते आणि रूळ समपातळीत आणते. झिजलेले रूळ बदलतात, दोन रूळ थर्मिट पद्धतीने वितळलेल्या पोलादाने सांधतात. त्या रसाचे तापमान २,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, सांधा निवल्याशिवाय आणि घासून सपाट केल्याशिवाय त्यावरून गाडी सोडता येत नाही. पेंटोग्राफने (गाडीच्या टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याने) घासून पातळ झालेली ओव्हरहेड वायर, सिग्नल, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, पावसाळ्याआधी गटारे आणि मोऱ्या, सगळे याच वेळेत.

काम झालेल्या जागी पहिल्या गाड्या अनेकदा सावकाश नेल्या जातात. शिवाय गाड्या, मोटरमन आणि गार्ड दिवसभरात वेळापत्रकातल्या जागेवरून हललेले असतात, ते परत जागेवर यायला वेळ लागतो. हार्बरच्या प्रवाशांना दुसऱ्या मार्गाची मुभा ब्लॉक संपल्यावरही सहापर्यंत का असते, ते यावरून कळेल. परतीचा प्रवास पाचच्या आधी सुरळीत होईल असे मी धरत नाही, तुम्हीही धरू नका.

रात्रीचे आणि मोठे ब्लॉक

पश्चिम रेल्वे बऱ्याचदा शनिवारी रात्री ब्लॉक घेऊन रविवारचा दिवस मोकळा ठेवते. बातमीत "रविवारी दिवसा ब्लॉक नाही" असे वाचून निर्धास्त होण्याआधी शनिवारच्या शेवटच्या लोकलचे काय झाले ते बघा. मध्य रेल्वेही पुलाचा गर्डर टाकण्यासारख्या कामांना रात्री विशेष ब्लॉक घेते, आणि कर्जत, कसाऱ्याकडच्या शेवटच्या गाड्या लवकर सुटतात किंवा मधेच संपतात. हॉटेलात, रुग्णालयात, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनी हे शनिवारी दुपारीच तपासावे. रात्री एक वाजता कल्याणला अडकणे आणि दुपारी एक वाजता अडकणे यांत फार फरक आहे.

काही कामे पाच तासांत मावत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी ७२ तासांचा ब्लॉक झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सीएसएमटी आणि मस्जिददरम्यानचा जुना कर्नाक पूल पाडण्यासाठी २७ तास घेतले, तेव्हा मेन लाइनच्या लोकल भायखळ्यापर्यंत आणि हार्बरच्या वडाळ्यापर्यंतच येत होत्या. मे २०२४ च्या अखेरीस ठाण्याच्या फलाटाची रुंदी वाढवायला ६३ तास आणि सीएसएमटीचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवायला ३६ तास असे दोन ब्लॉक एकत्र आले आणि तीन दिवसांत ९३० लोकल फेऱ्या रद्द झाल्या. असे ब्लॉक बरेच दिवस आधी चर्चेत येतात, जादा बस सोडल्या जातात, कार्यालयांना घरून काम द्यायची विनंती केली जाते. त्या दिवसांत वर लिहिलेल्या युक्त्या अपुऱ्या पडतात. घरून काम मागा, भेट पुढे ढकला, आणि परीक्षा असेल तर आदल्या रात्रीच केंद्राजवळच्या ओळखीच्या घरी मुक्कामाला जा.

गाडी मधेच थांबली तर

दोन स्थानकांच्या मध्ये गाडी दहा-पंधरा मिनिटे उभी राहते, डब्यातले काही जण खाली उड्या मारून चालू लागतात. त्यांच्या मागे जाऊ नका. "आज ब्लॉक आहे, रूळ बंद आहेत" असे वाटणे अशा दिवशी सगळ्यात धोक्याचे असते, कारण चारांपैकी दोनच मार्ग बंद असतात आणि उरलेल्या दोनवर नेहमीपेक्षा जास्त गाड्या धावत असतात. शेजारचा मार्ग सामसूम दिसला तरी त्यावरून कामाची यंत्रे पुढे-मागे जात असतात. दारापासून आत सरका, ज्याच्याकडे पोहोचायचे आहे त्याला फोन करून उशीर कळवा आणि गाडी फलाटाला लागल्यावरच उतरा.